दिवसाचा परवाना : माउंट एअरीच्या डब्ल्यूपीएक्यू रेडिओ केंद्राचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, व्हर्जिनियाच्या सीमेला खेटून, माउंट एअरी हे दहा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. २ फेब्रुवारी १९४८ रोजी तिथे डब्ल्यूपीएक्यू हे रेडिओ केंद्र सुरू झाले. मीडियम वेव्हवर ७४० किलोहर्ट्झ, आणि परवाना फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. मालक राल्फ एपर्सन (१९२१–२००६) हा सीमेपलीकडच्या ॲरारॅटचा, स्वतः यंत्रात हात घालणारा माणूस. केंद्राने सुरुवातीपासून आसपासच्या फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजो वाजवणाऱ्यांना शनिवारी थेट प्रक्षेपणात वाजवायला बोलावले. ‘मेरी-गो-राउंड’ नावाचा तो कार्यक्रम अजून चालू आहे, आणि नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’खालोखाल सर्वांत जास्त काळ टिकलेल्या थेट संगीत कार्यक्रमांत त्याची गणना होते.

युद्धानंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत मीडियम वेव्ह केंद्रांची संख्या दुपटीहून जास्त वाढली. दक्षिणेतल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावाला आपले केंद्र मिळाले आणि त्यातल्या बहुतेकांनी सुरुवात अशीच केली होती. दुपारच्या शेतकी भावांनंतर पंधरा मिनिटे स्थानिक मंडळी फिडल वाजवायची. पंधरा-वीस वर्षांत बाकीच्यांकडे हे बंद पडले, इथे पडले नाही. विचारले की ‘मालकाला या संगीताचे वेड होते’ हे उत्तर हमखास मिळते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. वेडे मालक पुष्कळ होते. आमच्या मते खरे कारण परवान्याच्या कागदातच सापडते, आणि कागद वाचण्याआधी गाव पाहावे लागते.

गाव आणि त्याचे वाजवणे

माउंट एअरी ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी आहे. ग्रॅनाइटची अवाढव्य उघडी खाण, त्या काळी मोजे आणि कपड्यांच्या गिरण्या, भोवती तंबाखूची शेती. अभिनेता अँडी ग्रिफिथ इथलाच. त्याच्या दूरदर्शन मालिकेतले ‘मेबेरी’ म्हणजे हेच गाव, असे मानून आजही पर्यटक येतात. संगीताच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची वस्ती आहे ती पश्चिमेकडची राउंड पीक. टॉमी जॅरेल (१९०१–१९८५), फ्रेड कॉकरहॅम, काइल क्रीड हे तिथल्या घराण्याचे वाजवणारे. घराणे हा शब्द इथे चपखल बसतो, कारण एकाच धुनेचे वळण दोन डोंगर ओलांडले की बदलते आणि जाणकार ते चार मात्रांत ओळखतो. जॅरेलला १९८२ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय लोककला सन्मानाच्या पहिल्याच वर्षी, तो सन्मान मिळाला. रोजच्या कामात तो रस्त्यांवर ग्रेडर चालवायचा.

राउंड पीक बाजात फिडल आणि पडदे नसलेला बँजो एकच धून एकत्र वाजवतात. कुणी पुढे येऊन एकट्याने वाजवत नाही. बँजोची आखूड पाचवी तार सतारीच्या चिकारीसारखी सतत छेडली जाते आणि नाचणाऱ्यांना ताल मिळत राहतो. ब्लूग्रास हा याच वाद्यांवरचा नवा प्रकार वेगळा. बिल मनरोच्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज डिसेंबर १९४५ मध्ये आला आणि तीन बोटांचा बँजो ही त्या संगीताची ओळख झाली. म्हणजे डब्ल्यूपीएक्यू सुरू झाले तेव्हा ब्लूग्रासचे वय दोन वर्षे होते. त्यात गायन, मग बँजोचा तुकडा, मग फिडलचा, पुन्हा गायन असा क्रम असतो. या फरकाचा मायक्रोफोनशी थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

सातशे चाळीसचा सौदा

१९४८ साली छोट्या गावाला साधारण दोनच वाटा होत्या. पहिली वाट १२४० किंवा १४०० किलोहर्ट्झसारखा ‘लोकल’ चॅनेल घेण्याची. त्यात दिवस-रात्र चालवता येई, पण शक्ती २५० वॉट. शिवाय त्याच जागेवर देशभरात शंभराहून जास्त केंद्रे, त्यामुळे अंधार पडला की चार-पाच मैलांवर नुसता कलकलाट. दुसरी वाट खालच्या फ्रिक्वेन्सीवर, कुणा मोठ्या केंद्राच्या सावलीत, फक्त दिवसाचा परवाना घेण्याची. डब्ल्यूपीएक्यूच्या वाट्याला ही दुसरी वाट आली. ७४० वर मुख्य हक्क कॅनडाचा. टोरोंटोचे सीबीएल हे ५० हजार वॉटचे केंद्र १९४१ पासून तिथे होते आणि १९९९ पर्यंत राहिले. माउंट एअरीपासून ते सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर.

दिवसा हे अंतर भरपूर आहे. उन्हात वातावरणाचा एक थर मीडियम वेव्हच्या वर जाणाऱ्या लहरी गिळून टाकतो. उरते ती जमिनीला धरून जाणारी ग्राउंड वेव्ह. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटरांवर उतरतात. रात्री दहानंतर मीडियम वेव्हचा काटा फिरवून ज्यांनी परदेशातल्या अनोळखी भाषा ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजवायला नको. म्हणून करार असा, की टोरोंटोच्या श्रोत्याला त्रास नको, दिवस मावळला की तुम्ही गप्प बसा.

दिवसाच्या वाटेत फायदा मोठा होता. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी ग्राउंड वेव्ह जमिनीत कमी जिरते. या डोंगरपायथ्याची जमीन रेडिओसाठी दरिद्री आहे. तिची विद्युतवाहकता प्रति मीटर २ मिलिसीमेन्सच्या आसपास, तर मधल्या गहू पिकवणाऱ्या सपाट राज्यांत १५ ते ३०. अशा जमिनीवर १४०० किलोहर्ट्झ दोन टेकड्यांत दमते, ७४० मात्र सरी, स्टोक्स, पॅट्रिक, कॅरोल अशा दोन्ही राज्यांतल्या काउंट्यांपर्यंत (जिल्ह्यांपर्यंत) पोचते. आज केंद्राची दिवसाची शक्ती १० हजार वॉट आहे.

किंमत मोजावी लागते ती तांब्यात. ७४० किलोहर्ट्झची तरंगलांबी ४०५ मीटर, म्हणून तिच्या पावपट उंचीचा, स्वतःच अँटेना असलेला मनोरा सुमारे १०१ मीटर उंच. मनोऱ्याच्या पायापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या १२० तारा, प्रत्येकी मनोऱ्याच्या उंचीइतक्या, वीतभर खोल पुरायच्या ही रूढ पद्धत. एकूण बारा किलोमीटर तार. अडीच मिलिमीटर जाडीची घेतली तर वजन सव्वापाचशे किलोच्या पुढे. ही जाळी म्हणजे अँटेनाचा अर्धा भागच असतो. नांगराने चार तारा तुटल्या किंवा चोरांनी भंगारासाठी उपसून नेल्या, तर मनोरा तसाच उभा दिसतो, प्रक्षेपकाचे काटेही जवळपास जागेवर असतात, आणि वीस मैलांवरचा श्रोता ‘हल्ली तुमचं केंद्र लागत नाही’ म्हणून फोन करतो. मनोऱ्याच्या पायाशी प्रवाहाचा आकडा पूर्वीपेक्षा घसरलेला दिसला की आधी जाळी तपासावी. नवशिके प्रक्षेपक उघडून बसतात.

आता घड्याळाचे बघू. अशा परवान्यात प्रत्येक महिन्याची सुरू-बंद वेळ जवळच्या पाव तासाला गोल करून छापलेली असते. माउंट एअरीच्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य सव्वापाचच्या सुमारास बुडतो आणि जानेवारीत उगवतो साडेसातला. रेडिओचा सगळ्यांत जास्त पैसा सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परतताना मिळतो, आणि हिवाळ्यात नेमके तेच दोन तुकडे हातचे जातात. बर्फ पडला की शाळेला सुट्टी आहे का हे लोकांना सहा वाजता कळायला हवे असते आणि सूर्य तर उगवलेला नाही. पुढे रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी नियामकाने अशा केंद्रांना पहाटे कमी शक्तीवर आणि रात्री नाममात्र शक्तीवर बोलायची मुभा दिली, पण मूळ धंद्याचा आकार सूर्याने ठरवला तो ठरवलाच.

शनिवार सकाळ

मोठ्या केंद्रांचे कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताचे, नावाजलेले कार्यक्रम शनिवारी रात्रीचे होते. शिकागोच्या डब्ल्यूएलएसचा १९२४ पासूनचा, नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएमचा १९२५ पासूनचा ‘ग्रँड ओल ऑप्री’, व्हीलिंगच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीएचा १९३३ पासूनचा. त्यांची शक्ती ५० हजार वॉटपर्यंत गेली आणि रात्रीच्या लहरी वीस-पंचवीस राज्यांत उतरू लागल्या. तिथे वाजवणारा माणूस पुढच्या आठवड्यात हजार किलोमीटरवर तिकीट लावू शके. साहजिकच तिथे धंदेवाईक बँड आले, एजंट आले, पुढे नॅशव्हिलचा सगळा उद्योग आला.

डब्ल्यूपीएक्यूला रात्र नव्हतीच. शनिवारचा कार्यक्रम ठेवायचा तर दिवसा ठेवावा लागला. आताची वेळ सकाळी ११ ते दुपारी १:३०. या प्रकरणाचा कणा इथे आहे. शनिवारी सकाळी तंबाखूचा शेतकरी आणि गिरणीचा कामगार बाजारासाठी गावात आलेला असायचा, गाडीत फिडल टाकून आणणे त्याला जमायचे. संध्याकाळी बोलावले असते तर तो एखाद्याच्या अंगणातल्या नाचाला वाजवत असता. आणि ग्राउंड वेव्ह जिथवर पोचते तिथवरचाच श्रोता, म्हणजे वाजवणारा आणि ऐकणारा एकाच पंचक्रोशीतले. इथे वाजवून कुणी अटलांटात प्रसिद्ध होणार नव्हते, त्यामुळे धंदेवाईकांची रांग लागली नाही. जॅरेल किंवा बेंटन फ्लिपेनसारख्यांना (१९२०–२०११) बाजूला सारायला कुणी आलेच नाही. फार तर फिरतीवरचे ब्लूग्रास बँड वाटेत थांबून वाजवून जात आणि रात्रीच्या शाळेतल्या कार्यक्रमाची जाहिरात करून घेत. त्या काळी छोट्या केंद्रांवर मानधन हेच असायचे, वाजवा आणि आपला कार्यक्रम सांगा.

आता हा कार्यक्रम गावातल्या १९३८ च्या अर्ल थिएटरमधून होतो. आधी सकाळी कुणीही आपले वाद्य घेऊन बसावे अशी मोकळी बैठक, मग प्रक्षेपण.

एका मायक्रोफोनची शिस्त

जुन्या पद्धतीत सगळा बँड एकाच रिबन मायक्रोफोनभोवती उभा राहायचा. रिबन मायक्रोफोन पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही कुशींना बहिरा असतो. हे कळले की मांडणी आपोआप सुचते. गायक हातभर अंतरावर, गिटार छातीशी उंच धरून तिचे भोक माइककडे, फिडल एका पावलावर, बँजो त्याच्या मागे आणखी एक पाऊल, आणि डबल बास चार-पाच फुटांवर. बँजोवाल्याला बहिऱ्या कुशीकडे थोडे सरकवले तर आणखी बरे, कारण चामडे ताणलेले ते वाद्य बाकी सगळ्यांना झाकून टाकते.

राउंड पीकची मंडळी एकदा उभी केली की शेवटपर्यंत हलत नाहीत, धून सगळ्यांची एकत्रच असते. ब्लूग्रासवाल्यांचे मात्र एक छोटे नृत्यच चालते. ज्याचा तुकडा आहे तो खांदा पुढे करून आत शिरतो, आधीचा मागच्या पावली बाहेर, आणि दोन गिटारींच्या माना एकमेकींना लागायच्या नाहीत. आत यायला अर्धी मात्रा उशीर झाला तर श्रोत्याला तुकड्याचे पहिले चार सूर विहिरीतून आल्यासारखे ऐकू येतात. मिक्सर फिरवून हे दुरुस्त होत नाही, पावलांनीच करावे लागते. माइकसमोर फुंकर मारून ‘चालू आहे का’ बघणाऱ्याला तर आधीच बाजूला घ्यावे. रिबन म्हणजे माइकमधली ॲल्युमिनियमची कागदाहून पातळ पट्टी, ती एका फुंकरीने ताणते आणि कायमची ढिली पडते.

पुढचा घोळ प्रक्षेपकाच्या दारात होतो. एएममध्ये, म्हणजे मीडियम वेव्हच्या प्रक्षेपणात, आवाज लहरीच्या उंचीत कोरला जातो. खालच्या बाजूला १०० टक्क्यांपलीकडे गेले की लहर तुटते आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर फटाके वाजतात. वरच्या बाजूला १२५ टक्क्यांपर्यंत मुभा. बँजोचा प्रत्येक आघात अणकुचीदार, म्हणून आवाजाचे शेंडे दाबणारा लिमिटर लावावा लागतो. लिमिटरचा परत येण्याचा वेळ चुकला तर बँजोच्या प्रत्येक ठोक्याला गाणाऱ्याचा आवाज खाली बसतो आणि वर येतो, पंप मारल्यासारखा. उपाय लिमिटरवर शोधू नये, बँजोवाल्याला अर्धे पाऊल मागे पाठवावे. ग्राहकाचा रेडिओही विचारात घ्यावा. घरगुती एएम रेडिओ साडेतीन-चार किलोहर्ट्झच्या वरचे फारसे ऐकवत नाहीत आणि लहान स्पीकर शंभर हर्ट्झच्या खालचे. म्हणजे बासचा तळ श्रोत्यापर्यंत जातच नाही. गिटारवाला जाड तारांवर जे चढउतार वाजवतो त्यावर नाचणाऱ्याचा पाय पडतो, म्हणून गिटारला बासपेक्षा जवळ उभे करायचे.

थिएटरमधून प्रक्षेपण म्हटले की विजेची ६० हर्ट्झची घुं-घुं आलीच. थिएटरचे दिवे एका फेजवर, ध्वनियंत्रणा दुसऱ्यावर, आणि दोन ठिकाणी अर्थिंग. रेडिओकडे जाणाऱ्या जोडणीत एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की बहुतेक वेळा भागते. अर्थिंगची पिन कापून घुं-घुं थांबवणारे वीर प्रत्येक गावात असतात. त्यांना वायरींपासून लांब ठेवावे, मायक्रोफोनला ओठ लागलेल्या माणसाला शॉक बसतो.

तबकड्या

अमेरिकेत व्यावसायिक टेपरेकॉर्डर विकायला आला तो १९४८ मध्येच आणि छोट्या केंद्राच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यामुळे सुरुवातीचे ध्वनिमुद्रण लॅकर तबकड्यांवर झाले. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर, त्यात मऊपणासाठी एरंडेल. सोळा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरवली की एका बाजूला पंधरा मिनिटे बसतात. कापताना सुईपुढे केसासारखा काळा दोरा निघतो. तो ब्रशने सतत मध्याकडे ओढत राहायचा, नाहीतर सुईखाली येऊन मुद्रण खराब करतो. हा दोरा अतिशय ज्वालाग्राही, त्यामुळे कापणाऱ्याच्या ओठात सिगारेट चालत नाही. तंबाखूच्या गावात ही अट पाळणे सोपे नसणार. दोरा वाटेत येऊ नये म्हणून बऱ्याच तबकड्या आतून बाहेर कापत. आजच्या माणसाला हे ठाऊक नसले की तो सुई काठावर ठेवतो, ती घसरते आणि ओरखडा उठतो.

लॅकर दहा-वीसदा वाजवली तरी झिजते. आणि न वाजवता ठेवली तर एरंडेलातले मेदाम्ल पांढऱ्या पावडरीसारखे वर येते, थर आकसतो, चकती मात्र आकसत नाही. मग भेगा पडून खपल्या निघतात. पावडर दिसली तर डिस्टिल्ड पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण आणि थेंबभर अमोनिया, मऊ ब्रशने रेषेच्या दिशेने. अल्कोहोल मुळीच नाही, लॅकर विरघळते. उभ्या ठेवाव्यात, एकमेकींना चिकटू न देता. भेग दिसली असेल तर धुण्याआधी आहे तशी एकदा वाजवून उतरवून घ्यावी, कारण दुसरी संधी मिळेलच असे नाही.

एपर्सनने हे साहित्य फेकले नाही. त्या काळी बहुतेक केंद्रे तबकड्या कचऱ्यात टाकत. या संग्रहातले निवडक ध्वनिमुद्रण १९९९ मध्ये राउंडर रेकॉर्ड्सने सीडीवर आणले. राउंड पीकच्या नामवंतांचे घरगुती टेप पुष्कळ आहेत, पण मधल्या फळीतले, गिरणीत काम करून शनिवारी येणारे बँड कसे वाजवत होते, हे समजायला असल्याच तबकड्या लागतात.

साठच्या दशकापासून पुढे

१९६१ मध्ये देशात पूर्णवेळ कंट्री वाजवणारी केंद्रे ८१ होती, १९६९ मध्ये ६०६. वाढ झाली ती ध्वनिमुद्रिकांची. नॅशव्हिलहून येणारी गुळगुळीत, व्हायोलिनच्या ताफ्याची गाणी, ठरलेली यादी, आणि निवेदकाचे काम यादी वाचण्याचे. माउंट एअरीचा फिडलवाला त्या ‘कंट्री’त बसेना, त्याचा आवाज आता जुनाट म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठली आणि सर्वांत मोठ्या कंपनीकडे बाराशेच्या वर केंद्रे गोळा झाली.

साखळी कंपनीच्या हिशेबात मात्र हिवाळ्यात सव्वापाचला बंद होणारे, मोठ्या शहरापासून लांबचे एएम केंद्र बसत नाही. त्याची किंमत कमी, म्हणून मालकावर विकायचा दबावही कमी. दुर्बळ परवान्याचा हा दुसरा लाभ. मालकालाच तंत्र येत असल्याने दुरुस्तीचे बिल कमी, आणि उत्पन्न नेहमीचेच: शेतकी दुकान, मोटारविक्रेता, रविवारी चर्चने विकत घेतलेला वेळ. मृत्युवार्ता हा अशा केंद्रांचा सर्वांत ऐकला जाणारा भाग असतो. सकाळी कोण गेले, अंत्यविधी कुठे, हे ऐकायला लावलेला रेडिओ मग गाण्यांसाठी तसाच चालू राहतो.

खरा धक्का बाहेरून आला. १९९४ नंतर कापडगिरण्या एकेक बंद होत गेल्या, आणि तंबाखूची सरकारी कोटा-पद्धत २००४ च्या कायद्याने संपली. गिरणी बंद झाली की जाहिरातदार जातो आणि शनिवारचा वाजवणाराही जातो, कारण तो दोन काउंट्या सोडून नोकरीला लागतो. त्याच सुमारास जुन्या संगीतासाठी बाहेरून माणसे येऊ लागली. १९७२ पासून जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर इथे फिडल संमेलन भरते आणि त्यासाठी दूरदेशांतूनही वाजवणारे तंबू घेऊन येतात. शनिवारच्या थिएटरातही आता शेतकऱ्यांशेजारी पर्यटक बसतो.

२००६ मध्ये एपर्सन गेले, केंद्र मुलाने चालवले. दरम्यान इंटरनेटवरून प्रक्षेपण सुरू झाले. नियामकाने २००९ पासून एएम केंद्रांना जास्तीत जास्त २५० वॉटच्या एफएम पुनर्प्रक्षेपकावरून बोलायची मुभाही दिली. एफएमला सूर्यास्त नसतो. तीसेक मैलांवरच्या गॅलॅक्सचे डब्ल्यूबीआरएफ हे एक लाख वॉटचे एफएम केंद्र शुक्रवारी रात्री रेक्स थिएटरमधून याच संगीताचा कार्यक्रम करते, आणि तेही जमते. म्हणजे अंधाराची अडचण आता तांत्रिकदृष्ट्या सुटलेली आहे. ‘मेरी-गो-राउंड’ तरीही सकाळी अकरालाच होतो. वाजवणारे त्या वेळेला गावात असतात, आणि दुपारी दीडनंतर फिडल पेटीत ठेवून बाजार करून घरी जाता येते.